ताई निघून गेल्यावर

'पाय घसरून पडली.' कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर हे तीन शब्द रोज कुठे ना कुठे लिहिले जातात. पाय खरेही घसरतात. जिने ओले असतात, मोऱ्या निसरड्या असतात. पण डोळ्याखाली काळेनिळे, दंडावर बोटांचे वळ, आणि बाईला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शेजारी उभा असलेला नवरा देतो, तेव्हाही कागदावर तेच तीन शब्द उमटतात. लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरसमोर रांग असते. टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन, एक्स-रे, पुढचा पेशंट.

ही रीत मोडण्यासाठी २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'दिलासा' सुरू झाले. मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही आरोग्यविषयक संशोधन संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम. घरात हिंसा सोसणाऱ्या बाईसाठी रुग्णालयाच्या आतच केंद्र असावे, ही कल्पना तेव्हा देशात नवी होती. त्यामागचा विचार साधा होता. पोलीस चौकीकडे किंवा महिला संघटनेच्या कार्यालयाकडे निघालेल्या बाईला घरात चार प्रश्न विचारले जातात. दवाखान्यात निघालेल्या बाईला सहसा कोणी अडवत नाही. शिवाय ती तिथे आधीपासूनच येत असते. कधी न थांबणारी डोकेदुखी घेऊन, कधी पुन्हा पुन्हा होणारा गर्भपात घेऊन, कधी 'चुकून प्यायलेले' फिनेल घेऊन.

'दिलासा'बद्दल बरेच लिहिले गेले आहे, पण त्यात भर असतो तो तिथे आलेल्या बायकांवर. ते योग्यच आहे. तिथे बसणाऱ्या बायकांबद्दल मात्र कमी बोलले जाते. दिवसभर दुसऱ्याच्या दुःखाचे तपशील ऐकणाऱ्या, संध्याकाळी लोकल पकडून घरी जाणाऱ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत येणाऱ्या समुपदेशकांना कोण सांभाळते? नव्या मुलीला कोण घडवते? आणि जी घडवते ती निघून गेली की मागे काय उरते?

अशाच एका महापालिका रुग्णालयातल्या केंद्रात मोठा काळ काम केलेल्या एका समुपदेशक बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांचे आणि रुग्णालयाचे नाव येथे येणार नाही. त्यांच्याकडे आलेल्या बायका त्याच वस्तीत राहतात, हे त्याला पुरेसे कारण आहे. ताईंचा अनुभव मात्र सांगण्यासारखा आहे, कारण नेतृत्वाबद्दलच्या पुस्तकांत जे सापडत नाही ते त्यांना एका टेबलाने, दोन खुर्च्यांनी आणि कुलूप लागणाऱ्या कपाटाने शिकवले.

ताई रुजू झाल्या तेव्हा त्यांना शिकवायला कोणी नव्हते. समाजकार्याची पदवी होती, उत्साह होता. जी बाई येईल तिच्यासाठी सगळे करायचे, एवढेच ठाऊक होते. पोलीस ठाण्यात सोबत जायचे, कोर्टात तारखेला जायचे, मुलांच्या शाळेत जायचे. काही महिन्यांत झोप उडाली. घरात कोणाचा आवाज चढला की छाती धडधडायची. रिक्षात शेजारच्या जोडप्याचे बोलणे ऐकताना हात घट्ट मुठीत वळायचा. आपण या कामाला नालायक आहोत, असे त्यांना वाटू लागले.

वस्तुतः या अवस्थेला अभ्यासात फार पूर्वी जागा मिळाली होती. लिसा मॅककॅन आणि लॉरी पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडले होते की आघात सोसलेल्यांची कहाणी सतत ऐकणाऱ्याचे जगाकडे पाहणेच बदलत जाते. सुरक्षिततेवरचा, माणसांवरचा विश्वास झिजतो. १९९५मध्ये चार्ल्स फिगली यांनी करुणेच्या थकव्यावर पुस्तक संपादित केले. ताईंच्या हाती हे सगळे बऱ्याच उशिरा आले. वाचताना त्यांना जे वाटले ते सुटकेच्या जवळचे होते: हा आपल्या स्वभावाचा दोष नाही, हा कामाचा धोका आहे. खाणकामगाराच्या फुप्फुसात धूळ जाते तसे. आणि कामाचा धोका असेल, तर त्यावर उपाय करणे ही एकट्या कामगाराची जबाबदारी असू शकत नाही.

ताईंच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया या एका वाक्यात आहे.

हाताखाली पहिली नवी मुलगी आली तेव्हा ताईंनी तिला पहिले काही आठवडे बोलू दिले नाही. नुसते बसायचे, तेही समोरच्या बाईची परवानगी असेल तरच. 'ही माझ्याबरोबर शिकतेय. ती बसलेली चालेल का? नको असेल तर ती बाहेर थांबेल,' असे ताई प्रत्येक वेळी विचारत. काही बायका नको म्हणत. मग मुलगी निमूट बाहेर जाई. तिला सुरुवातीला हा अपमान वाटे. नंतर तिच्या लक्षात आले की त्या बाईच्या आयुष्यात कित्येक वर्षांत कोणी तिला 'चालेल का?' असे विचारलेच नव्हते, आणि तिच्या 'नको'मुळे एक माणूस उठून बाहेर जाते, हे ती पहिल्यांदाच पाहत होती. शिकवणी तिथूनच सुरू झाली होती.

अमेरिकेतल्या मादकद्रव्य व मानसिक आरोग्य सेवा प्रशासनाने २०१४ साली आघाताची जाण ठेवून चालणाऱ्या संस्थेची लक्षणे मांडली. आघात किती दूरवर पोचतो हे समजणे, त्याच्या खुणा ओळखणे, ते ज्ञान धोरणात आणि रोजच्या व्यवहारात उतरवणे, आणि माणसाला पुन्हा तीच जखम होणार नाही हे पाहणे. यांतली शेवटची गोष्ट सर्वात कठीण, आणि ती फक्त रुग्णापुरती नाही. भीतीतून आलेल्या बायकांसाठी चालवलेले केंद्र आतून भीतीवर चालू शकत नाही. वरिष्ठाच्या कपाळावरच्या आठीवरून दिवस कसा जाणार याचा अंदाज बांधत काम करणारी मुलगी समोरच्या बाईला निर्णयाचा हक्क देऊ शकत नाही; तिला तो स्वतःलाच कधी मिळालेला नसतो. सामाजिक क्षेत्रात अशा संस्था आहेत, जिथे बाहेर समतेचे काम चालते आणि आत एका तेजस्वी, त्यागी व्यक्तीच्या मर्जीवर पान हलते. त्या व्यक्तीचा त्याग खरा असतो. त्यामुळेच तिला कोणी काही विचारत नाही.

ताईंच्या केंद्रात हा प्रश्न एका मोबाइल क्रमांकाच्या निमित्ताने उभा राहिला. एका नव्या समुपदेशक मुलीने एका बाईला आपला खासगी नंबर दिला. बाईचा नवरा रात्री मारायचा, म्हणजे फोन रात्रीच येणार. मुलगी रात्र रात्र जागू लागली. एकदा ती तापाने फणफणली असताना फोन वाजून बंद झाला आणि सकाळपर्यंत ती रडत बसली. ती बाई सुखरूप होती, पण मुलीने राजीनामा लिहून आणला.

ताईंनी राजीनामा बाजूला ठेवला आणि विचारले, 'रात्री अकरानंतर या इमारतीत कोण जागं असतं?'

उत्तर दोघींना ठाऊक होते. कॅज्युअल्टी जागी असते. सिस्टर, डॉक्टर, वॉर्डबॉय, आयाबाई, सुरक्षारक्षक. केंद्र संध्याकाळी बंद होते, रुग्णालय होत नाही. 'दिलासा'च्या आराखड्यात पहिल्यापासून एक तरतूद होती: घरी परतणे धोक्याचे असेल तर बाईला तात्पुरते वॉर्डात निरीक्षणासाठी दाखल करून घ्यायचे. ताईंच्या रुग्णालयात ही तरतूद माहीत होती ती केंद्रातल्या दोघी-तिघींना आणि दिवसपाळीच्या काही सिस्टरना. पुढचे काही आठवडे ताई आणि ती मुलगी मेट्रनच्या परवानगीने रात्रपाळी सुरू होण्याच्या वेळी थांबू लागल्या. व्याख्यान नाही. चार्ज देण्या-घेण्याच्या वेळी पाच मिनिटे: अशी बाई आली तर नवऱ्याला आधी औषधाच्या खिडकीकडे पाठवा, तिच्याशी एकटीशी बोला, काय बोलली ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा, जायला जागा नसेल तर दाखल करा, सकाळी आम्हाला कळवा. ड्युटी रजिस्टरमध्ये त्यासाठी एक रकाना आखला गेला. मग त्या मुलीने त्या बाईला सांगितले, 'माझा नंबर आता रात्री बंद असेल. पण कॅज्युअल्टीत ये. तिथे तुझ्याशी बोलणारं कोणीतरी नक्की असेल.'

एका मुलीच्या जागरणाच्या जागी चोवीस तास जागी असलेली इमारत उभी राहिली. राजीनाम्याचे पुढे काय झाले हे वेगळे सांगायला नको.

परिचारिकांच्या चार्ज देण्या-घेण्याबद्दल बोलताना परळच्या केईएम रुग्णालयाचा वॉर्ड क्रमांक ४ आठवल्याशिवाय राहत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयाच्याच आवारात पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली एकेचाळीस वर्षे त्यांना केईएमच्या परिचारिकांनी सांभाळले. भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणाऱ्या जखमा त्यांना होऊ दिल्या नाहीत, याची दखल २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. शेवटच्या काळात त्यांची सेवा करणाऱ्यांत अनेक जणी अशा होत्या, की हल्ला झाला तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. कोणा एकीची ती भक्ती नव्हती. निवृत्त होणारी सिस्टर नव्या सिस्टरला वॉर्डचा चार्ज देई, त्यात अरुणाताईही असत. महाराष्ट्रात टिकाऊ व्यवस्थेचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागेल.

त्याच घटनेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९७३मध्ये मुंबईतल्या परिचारिकांना आपल्या सहकारिणीसाठी आणि स्वतःच्या सुरक्षित कामासाठी संप करावा लागला होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा निकाल आला १९९७मध्ये, कायदा आला २०१३मध्ये. जखमी माणसाची सेवा करण्याची पद्धत रुग्णालयांनी सहज पिढ्यान्‌पिढ्या जपली; सेवा करणाऱ्याला जखम होऊ नये याची पद्धत मात्र दर वेळी भांडून मिळवावी लागली.

ताईंच्या केंद्रातली साप्ताहिक बैठकही अशी भांडूनच मिळवलेली. बुधवारी दुपारी, दार बंद, दीड तास. त्या आठवड्यातल्या अवघड केसेस नाव न घेता मांडायच्या. 'मी काय केलं' यानंतर 'मला काय झालं' हेही सांगायचे. वरिष्ठ अधिकाऱ्यांची फेरी असो की आकडेवारी पाठवायची शेवटची तारीख, बैठक रद्द होत नसे. रुग्णालयातल्या काहींना हे चैनीचे वाटे. ताई त्यांना शांतपणे सांगत की ऑपरेशन थिएटर निर्जंतुक करायला वेळ लागतो म्हणून कोणी तक्रार करत नाही.

त्या बैठकीत ताई सर्वात शेवटी बोलत. आधी बोलल्या तर बाकीच्या त्यांच्याच मताला दुजोरा देतात, हे त्यांनी पाहिले होते. 'ही केस माझ्याकडून होणार नाही' असे म्हणायची मुभा होती, आणि त्याची नोंद कुणाच्या कामगिरीच्या अहवालात जात नसे. एकीचे वडील दारू पिऊन मारत असत. तशीच कहाणी घेऊन आलेली मुलगी समोर बसली की तिला शब्द सुचत नसत. तिने ते सांगितले. केस दुसरीकडे गेली. काही काळाने तिने तशीच केस आपणहून मागून घेतली.

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्र जी प्रशिक्षणे घेते, त्यांत एक गोष्ट हटकून घडते. घरगुती हिंसा म्हणजे काय हे सांगून झाले, की चहाच्या सुट्टीत एखादी सिस्टर, एखादी डॉक्टर, एखादी आयाबाई बाजूला येऊन हळूच स्वतःबद्दल सांगते. ताईंच्या टीममधल्याही एकीच्या घरात तेच चालले होते. ताईंचा जीव तुटला, तरी त्यांनी तिची समुपदेशक व्हायचे नाकारले. 'मी तुझी वरिष्ठ आहे. तुझ्या रजा मी मंजूर करते. तू मला सगळं सांगितलंस तर उद्या माझ्याशी वाद घालायला तुला जड जाईल.' शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात तिची वेळ ठरवून दिली, त्यासाठी लागणारी सवलत दिली आणि त्याविषयी पुन्हा कधी विचारले नाही. मार्गदर्शकाने आई होऊ नये, हे आपल्याकडे पटवून देणे अवघड आहे. आपल्याला गुरुमाउली आवडते. पण माउलीसमोर लेकरू मोठे होत नाही, आणि जिच्यावर सगळा जीव टाकला तिच्या चुका दाखवण्याची हिंमत कोणाला होत नाही.

सर्वात जास्त ताई कोणाकडून शिकल्या असतील तर एका आयाबाईकडून. बाळंतपणाच्या वॉर्डातली ही आयाबाई भेटीच्या वेळेत कोण येते, कोण येत नाही, डबा कोण आणते, मुलगी झाल्याचे कळल्यावर कोण तोंड फिरवून जाते, हे सगळे टिपत असे. डॉक्टरांना पाच मिनिटांत जे दिसत नाही ते तिला पाळीभर दिसे. प्रशिक्षणाच्या यादीत मात्र तिचा संवर्ग नव्हता. ताईंनी आग्रह धरून चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना बसवले, आणि पुढच्या खेपेला खुणा ओळखण्याचे सत्र त्या आयाबाईनेच घेतले. 'दिलासा'च्या मूळ रचनेतही हेच सूत्र आहे: बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन शिकवून जाण्याऐवजी रुग्णालयातल्याच डॉक्टर-परिचारिकांमधून प्रशिक्षकांचा गट तयार करायचा. सिस्टरला सिस्टरने सांगितलेले पटते, कारण सांगणारीलाही तितकेच पेशंट असतात.

या रचनेची खरी परीक्षा झाली ती २००६च्या सुमारास, जेव्हा 'सेहत'ने भाभामधले केंद्र चालवण्याची जबाबदारी महापालिकेकडे सोपवली. स्वयंसेवी संस्थांच्या इतिहासात हा क्षण दुर्मीळ असतो. निधी संपला म्हणून उपक्रम बंद पडणे नेहमीचे; चालता उपक्रम यंत्रणेच्या हाती देऊन आपण प्रशिक्षण आणि सल्ला एवढेच ठेवणे, याला वेगळी शिस्त लागते. पुढे राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रे उघडली, केरळसारख्या राज्यांतही रुग्णालयांत अशी केंद्रे आली. लैंगिक अत्याचारानंतरच्या तपासणीबाबत केंद्र सरकारने २०१४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागेही मुंबईच्या महापालिका रुग्णालयांतला अनुभव होता. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला संमती विचारायची, एखादा टप्पा नाकारला तरी उपचार नाकारायचे नाहीत, 'टू फिंगर टेस्ट' करायची नाही. ताई नव्या मुलीला आत बसवण्याआधी जो प्रश्न विचारत, तोच येथे सरकारी कागदावर आला.

चालते काम यंत्रणेच्या हाती देण्याचा याहून आधीचा दाखला पोलीस खात्यातला आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसणार, पण पोलिसांच्या हुकमाखाली नसणार, अशी ती मांडणी. राज्य सरकारने ते काम आपले म्हणून स्वीकारायला दोन दशके लागली. आज महाराष्ट्रभर असे कक्ष आहेत. वीस वर्षे हा आकडा उतावीळ देणगीदारांनी लक्षात ठेवावा असा आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पात टिकाऊ व्यवस्था मागणाऱ्यांना तो सांगायलाच हवा.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा यंत्रणेत रुजलेल्या या मुळांचा उपयोग दिसला. कार्यालये बंद झाली, लोकल थांबल्या, मारणारा आणि मार खाणारी एकाच खोलीत कोंडली गेली. पण रुग्णालये बंद होणार नव्हती. ताईंच्या केंद्रातल्या मुली जशी सोय होईल तशा येत होत्या, बाकीच्या फोनवर होत्या, आणि कॅज्युअल्टीतल्या रजिस्टरचा तो रकाना रिकामा राहिला नाही.

ताई आता त्या खुर्चीत नाहीत. त्यांच्या जागी आलेली समुपदेशक म्हणजे कधीकाळी राजीनामा लिहून आणलेली तीच मुलगी. तिने ताईंच्या काही पद्धती बदलल्या. प्रत्येक कोर्टाच्या तारखेला स्वतः जाण्याची प्रथा बंद केली आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी संधान बांधले. अवघड केससाठी दोघींची जोडी ठेवली, म्हणजे एक रजेवर गेली तरी बाईला पहिल्यापासून सगळे पुन्हा सांगावे लागत नाही. सुरुवातीला मुली ताईंना फोन करून विचारत. ताई प्रत्येकीला एकच म्हणत, 'बुधवारी मांड.' हळूहळू फोन थांबले.

अडचणी संपलेल्या नाहीत. अभियानातली पदे कंत्राटी आहेत. दर वेळी मुदत संपताना महिनाभर टीमचे अर्धे लक्ष नूतनीकरणाच्या पत्राकडे असते. दुसऱ्याच्या असुरक्षिततेवर काम करणाऱ्याची स्वतःची नोकरी असुरक्षित ठेवणे, ही या सबंध रचनेतली सर्वात मोठी त्रुटी आहे, आणि ती कुठल्याही केंद्राच्या बैठकीत सुटणारी नाही. अधीक्षक बदलतात, हाउसमनची तुकडी दर सहा महिन्यांनी बदलते, आणि नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यातच केंद्राचे सत्र लागले नाही, तर केसपेपरवर पुन्हा 'पाय घसरून पडली' दिसू लागते. केंद्राच्या नव्या प्रमुखांनी म्हणून ते सत्र रुजू होण्याच्या कागदपत्रांनाच जोडून घेतले आहे. समुपदेशकांच्या देखरेखीसाठी बाहेरच्या तज्ज्ञाचे मानधन अर्थसंकल्पात यावे, असा प्रस्तावही त्यांनी दिला आहे. फाइल वरच्या कार्यालयात आहे. तोवर शेजारच्या केंद्रातल्या आणि या केंद्रातल्या समुपदेशक महिन्यातून एकदा एकत्र बसतात आणि एकमेकींच्या केसेस ऐकतात.